वाढत्या सैन्याचा जमाखर्च

१७ जुलै २०१३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने एका नव्या कोअरला मंजुरी दिली. चीनच्या सीमेवर, डोंगराळ मुलखात चढाई करू शकेल असे हे दल. जवळपास ९० हजार जवान, सात-आठ वर्षांची मुदत आणि ६४,६७८ कोटी रुपयांचा खर्च, असे आकडे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ठळक छापून आले. त्याआधी तीनच महिन्यांपूर्वी चिनी सैनिकांनी लडाखमध्ये देपसांगच्या पठारावर तंबू ठोकले होते आणि तीन आठवडे ते जागचे हलले नव्हते. त्यामुळे निर्णयाला फारसा विरोध झाला नाही. करण्याचे कारणही नव्हते. मात्र हे ६४,६७८ कोटी कोणत्या वर्षी किती आणि कुठून येणार, हा प्रश्न विचारायला हवा होता.

१ जानेवारी २०१४ रोजी रांचीत या १७ व्या कोअरच्या उभारणीला सुरुवात झाली. तिचे कायमचे ठाणे पश्चिम बंगालमधले पानागड ठरले. एक डिव्हिजन पानागडला आणि दुसरी पठाणकोटला, अशी आखणी होती. माणसे आली, अधिकारी आले, पण लष्कराच्या नेहमीच्या तरतुदीवर त्यांच्यासाठी वेगळी रक्कम आली नाही. नव्या पलटणींना लागणारे साहित्य युद्धासाठी राखून ठेवलेल्या साठ्यातून काढावे लागले. सरकार बदलल्यावर संरक्षणमंत्री झालेल्या मनोहर पर्रीकरांनीच हे जाहीरपणे सांगितले. पुढे एप्रिल २०१५ मध्ये त्यांनी पत्रकारांना सांगितले की ही कोअर आता ३५ हजार जवानांची असेल आणि तिच्यावर ३८ हजार कोटी खर्च होतील. म्हणजे दोन वर्षांच्या आत जवानांची संख्या निम्म्याहून कमी झाली. त्यानंतर २०१८ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनची उभारणी पैशाअभावी थांबल्याच्या बातम्या आल्या. दोन वर्षांनी लडाखमधल्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी चकमक घडली आणि मग मथुरेच्या १ कोअरचे तोंड उत्तरेकडे वळवून, १७ व्या कोअरला दुसरीकडची एक डिव्हिजन जोडून वेळ निभावली गेली.

हा सगळा प्रवास एका जागी मांडणारा सरकारी कागद सामान्य वाचकाला मिळत नाही. तो मंत्र्यांच्या वक्तव्यांतून, स्थायी समितीच्या अहवालांतून आणि बातम्यांच्या तुकड्यांतून जुळवावा लागतो. प्रस्तुत पुस्तकाचा जन्म या जुळवाजुळवीतून झाला. सैन्य वाढवण्याचे निर्णय कसे होतात, त्यांच्यासाठी पैसा कसा उभा राहतो किंवा राहत नाही, आणि त्यातले किती आपल्याला कळते, हा त्याचा विषय आहे.

आता दुसरे एक दप्तर उघडू. जोरदार युद्ध झाले तर ४० दिवस पुरेल इतका दारूगोळा साठ्यात असावा, असा भारतीय लष्कराचा नियम. कॅगने, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, हा साठा तपासला. मार्च २०१३ अखेरची जी स्थिती त्यांना आढळली ती अशी की दारूगोळ्याच्या १७० प्रकारांपैकी निम्मे प्रकार दहा दिवससुद्धा पुरले नसते. हा अहवाल संसदेत आला मे २०१५ मध्ये. तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. मार्च २०१३ मध्ये असलेल्या जवानांना पुरेसा दारूगोळा नाही, आणि जुलै २०१३ मध्ये आणखी ९० हजार जवानांना मंजुरी. ही दोन्ही माहिती सरकारच्याच दोन कपाटांत होती. ती त्याच वेळी संसदेपुढे असती तर एखाद्या खासदाराने तरी उठून विचारले असते की आधी खडकी, वरणगाव, भद्रावतीच्या कारखान्यांना मागणी आणि पैसा पुरवायचा की आधी नवी डिव्हिजन उभी करायची? दोन्ही करायचे असेल तर कर वाढवणार की दुसरीकडचा खर्च कापणार? असे प्रश्न विचारण्याने सैन्याचे खच्चीकरण होत नाही. ते न विचारल्यामुळे मात्र राखीव साठा रिकामा होतो, आणि त्याची किंमत हल्ला होईल त्या दिवशी पुढच्या चौकीवरचा जवान मोजतो.

मूळ अडचण यंत्रणेच्या रचनेत आहे, म्हणून ती इथेच समजावून घेतलेली बरी. सुरक्षाविषयक समितीची मंजुरी सात-आठ वर्षांच्या योजनेला मिळते. संसद पैसा मंजूर करते तो एका वर्षाचा, आणि ३१ मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते. या दोन्हींना बांधून ठेवणारा कागद म्हणजे संरक्षणाची पंचवार्षिक योजना. पण अकराव्या संरक्षण योजनेची पाच वर्षे, २००७ ते २०१२, उलटली तरी तिला अर्थ खात्याची रीतसर संमती मिळाली नाही. तेराव्या योजनेत, २०१७ ते २०२२ साठी, सैन्यदलांनी २६.८४ लाख कोटींची मागणी मांडली. म्हणजे वर्षाला सरासरी पाच लाख कोटींहून अधिक. २०१७-१८ ची संरक्षणाची सगळी तरतूद, निवृत्तिवेतन धरूनही, ३.६ लाख कोटींच्या आत होती. मागणी आणि तरतूद यांत एवढे अंतर असेल तर त्या योजनेला योजना म्हणणे कठीण आहे. कोणती कामे होणार आणि कोणती राहणार हे मग वर्षभर फायलींवर ठरत जाते, आणि ते ठरवताना मतदारांचा प्रतिनिधी खोलीत नसतो.

तो जिथे असतो तिथे काय होते हेही पाहू. १९९३ पासून खात्यांच्या मागण्या तपासायला संसदेच्या स्थायी समित्या आहेत. संरक्षणाची समिती त्यांतली एक. मार्च २०१८ मध्ये निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांच्या अध्यक्षतेखालच्या या समितीने जो अहवाल दिला तो प्रत्येक नागरिकाने वाचावा असा आहे. लष्कराचे तेव्हाचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीला सांगितले की आधुनिकीकरणासाठी २१,३३८ कोटी मिळाले आहेत, पण आधीच करार झालेल्या १२५ कामांची त्या वर्षीची देणीच २९,०३३ कोटींची आहेत. म्हणजे नवी एकही वस्तू न घेता ७,६९५ कोटींची तूट. लष्कराकडच्या साहित्यापैकी ६८ टक्के जुनाट वर्गात मोडते, हेही त्यांनीच सांगितले. गणवेशातल्या अधिकाऱ्याने लोकप्रतिनिधींसमोर इतके स्वच्छ बोलावे, ही आपल्या लोकशाहीची मोठी गोष्ट आहे. त्याच आठवड्यात लोकसभेत गोंधळ चालू होता आणि त्या गोंधळातच सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मंजूर झाल्या. त्यांत संरक्षणही होते. समितीने इतके कष्ट घेऊन जमवलेली माहिती सभागृहात एका वाक्यानेही पोचली नाही. हे वाचताना मला राग आला होता आणि अजूनही येतो.

असेच चालत आले आहे, असे कुणी म्हणेल. तसे नाही, आणि ते दाखवायला महाराष्ट्राचाच दाखला आहे.

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली तो हाच दिवस. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो, पण धावून गेलेल्या सह्याद्रीने तिथे हिशेब कसा मांडला, याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी जो अर्थसंकल्प मांडला त्यात संरक्षणासाठी ८६७ कोटी होते, आधीच्या वर्षीच्या मूळ अंदाजाच्या दुपटीहून जास्त. एवढा पैसा कुठून आणणार हेही त्याच भाषणात होते: प्राप्तिकरावर अधिभार, कंपन्यांच्या जादा नफ्यावर कर, रॉकेलवर वाढीव शुल्क, आणि सक्तीची बचत योजना. त्याच वर्षी जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आले होते आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यावर बंदी आली होती. गावोगावच्या सोनारांच्या शेगड्या विझल्या. एकीकडे राष्ट्रीय संरक्षण निधीत बायका अंगावरचे दागिने काढून देत होत्या, दुसरीकडे घरात रॉकेल महागले होते. सैन्य वाढवण्याची किंमत काय, हे त्या वर्षी देशातल्या जवळजवळ प्रत्येक घराला कळले.

आणि त्यावर भांडण झाले, हे फार महत्त्वाचे. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. स्वतंत्र भारतातला तो पहिलाच. राममनोहर लोहियांनी देशातला गरीब माणूस दिवसाला तीन आण्यांवर जगतो असे सांगून ज्या वादाला तोंड फोडले, तो याच चर्चेतला. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला, पण सरकारला करांचा फेरविचार करावाच लागला. ज्येष्ठ मंत्र्यांनी पद सोडून पक्षकार्य करावे, या कामराज योजनेत मोरारजी बाहेर पडले, टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले आणि सक्तीच्या बचतीचा फास सैल झाला. सीमेवर चिनी सैन्य उभे असताना, पराभवाची जखम ओली असताना संसद हे सगळे उघड बोलत होती. देश त्याने दुबळा झाला नाही.

चव्हाणांनी सप्टेंबर १९६४ मध्ये लोकसभेत संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना सांगितली. पाच वर्षांत ५,००० कोटी, सव्वाआठ लाखांचे सैन्य, ४५ स्क्वॉड्रनचे हवाई दल. आकार आणि पैसा एकाच निवेदनात. त्याआधी वर्षभरापूर्वी, २ सप्टेंबर १९६३ रोजी, नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या, पराभवाच्या चौकशीवरही त्यांनी सभागृहात निवेदन केले होते. त्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल त्यांनी खुला केला नाही, पण प्रशिक्षण, साहित्य, आदेशांची साखळी, जवानांची शारीरिक तयारी आणि अधिकाऱ्यांची कुवत, या पाचही बाबींत काय उणे आढळले ते सांगितले. काय झाकायचे आणि काय उघडे करायचे याची रेघ त्यांनी विचारपूर्वक ओढली होती, असे मला वाटते. तो अहवाल साठ वर्षांनंतरही सरकारने अधिकृतपणे खुला करू नये, हे मात्र मला पटत नाही. त्याचे समर्थन चव्हाणांच्या नावावर करता येणार नाही.

याच धाग्याचे आणखी मागचे टोक पुण्यात सापडते. १९०२ पासून पुढची अनेक वर्षे गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलत. मत देण्याचा अधिकार त्या सभासदांना नव्हता, फक्त बोलण्याचा होता. तेवढ्याच आधारावर त्यांनी लॉर्ड किचनरच्या सैन्य पुनर्रचनेच्या खर्चावर नेमके बोट ठेवले: शिलकीचा पैसा शिक्षणाकडे आणि आरोग्याकडे वळत नाही, तो सैन्याकडे जातो, आणि तो देणाऱ्या रयतेला विचारलेही जात नाही. आज मताचा अधिकार आहे. गोखल्यांची ती भाषणे पुढच्या एका प्रकरणात सविस्तर येतील.

गुप्ततेचा मुद्दा टाळून या विषयावर लिहिता येत नाही. कोणती तुकडी कुठल्या खिंडीत आहे, कोणत्या क्षेपणास्त्राचा पल्ला किती, साठा नेमका कोणत्या डेपोत आहे, हे गुप्तच राहिले पाहिजे. याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण नव्या दलाचा एकूण खर्च, तो किती वर्षांत होणार, पहिल्या वर्षी किती दिले आणि योजना कापली तर का कापली, या माहितीने शत्रूच्या हाती काय लागते? छावण्या बांधल्या जातात तेव्हा उपग्रहाला त्या दिसतातच. दारूगोळ्यावरचा कॅगचा दुसरा अहवाल २०१७ मध्ये आला आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. नंतर काही वर्षे संरक्षणावरचे अहवाल संसदेत ठेवले जात, पण कॅगच्या संकेतस्थळावर टाकले जात नसत. तुटीवर पांघरूण घातल्याने तूट भरून निघत नाही. उलट पहिल्या अहवालाने लाज वाटली म्हणूनच खरेदीला थोडा वेग आला, असे माझे वाचन आहे.

इतर लोकशाह्या काय करतात याचे एक उदाहरण पुरेसे आहे. युक्रेनवरच्या रशियाच्या हल्ल्यानंतर, २०२२ मध्ये, जर्मनीने सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा विशेष निधी उभारला. त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली आणि तीही दोन तृतीयांश बहुमताने. शिवाय अडीच कोटी युरोंहून मोठा प्रत्येक खरेदी करार संसदेच्या अर्थसंकल्प समितीपुढे आणण्याची त्या देशाची जुनी पद्धत आहे. तिथेही दिरंगाई होते, तिथेही टीका होते. पण कोणत्या वस्तूला किती दिले हे विचारायला तिथल्या खासदाराला वर्तमानपत्र चाळत बसावे लागत नाही.

आपल्याकडे न संपणारा, म्हणजे मार्चअखेर परत न जाणारा संरक्षण निधी असावा, ही मागणी जुनी आहे. २००४ च्या हंगामी अर्थसंकल्पात जसवंत सिंहांनी २५ हजार कोटींच्या अशा निधीची घोषणा केली होती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी २,३८,३५४ कोटींच्या निधीची शिफारस केली. निधी असावा, या मताचा मी आहे. अट एकच, की त्याचा जमाखर्च दर वर्षी संसदेपुढे यावा. नाहीतर पैसा एका कुलपातून दुसऱ्या कुलपात जाईल.

या विषयाचा सगळ्यात जवळचा भाग माणसांचा आहे. साताऱ्याजवळचे अपशिंगे मिलिटरी, कोल्हापूर जिल्ह्यातले सैनिक टाकळी, अशा गावांत घराघरातून मुलगा फौजेत जातो. तिथे सैन्याचा आकार हा घरच्या उत्पन्नाचा प्रश्न असतो. कोविडमुळे २०२० पासून दोन वर्षे सैन्यभरती जवळपास ठप्प राहिली. पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी, मैदानी चाचणी आणि वैद्यकीय तपासणी पार केलेली पोरे लेखी परीक्षेची वाट पाहत वयाची मर्यादा ओलांडू लागली. मग १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली: चार वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षी ४६ हजार जागा, चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीच्यांना ११.७१ लाखांचा सेवा निधी आणि निवृत्तिवेतन नाही. संसदेचे अधिवेशन तेव्हा चालू नव्हते.

योजना चांगली की वाईट, यावर या पुस्तकात निकाल दिलेला नाही. तो देण्याइतकी वर्षे अजून गेलेली नाहीत. सैन्य तरुण ठेवण्यासाठी हे केले, असे सरकार सांगते. तो युक्तिवाद गंभीरपणे घेतला पाहिजे. पण २०२५-२६ च्या संरक्षणाच्या ६,८१,२१० कोटींपैकी १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत आणि नव्या खरेदीसह सगळा भांडवली खर्च १,८०,००० कोटींचा आहे. हे आकडे ज्याने पाहिले आहेत त्याला पैशाचा प्रश्न या योजनेच्या पाठीशी दिसणारच. एका जवानाला आज भरती केले तर त्याचा पगार, रेशन, बराक, उपचार आणि पुढची तीस-चाळीस वर्षे निवृत्तिवेतन, असा एकूण खर्च किती, आणि अग्निपथमुळे तो किती बदलणार, हा तक्ता जाहीर करून मग योजना आणली असती तर अपशिंग्याच्या बापाला निदान कळले असते की आपल्या पोराच्या नोकरीची मुदत कोणत्या कारणाने आणि कुठल्या हिशेबाने कमी झाली. ज्याने देशासाठी मुलगा द्यायचा त्याला हा हिशेब दाखवणे सरकारचे कर्तव्य आहे.

माहितीच्या अधिकाराची महाराष्ट्रातली चळवळ पुढे नेणारे अण्णा हजारे स्वतः लष्करात वाहनचालक होते, आणि राज्याचा कायदा २००२ मध्ये, केंद्राच्या कायद्याच्या तीन वर्षे आधी झाला. तेव्हा या राज्यात फौज आणि पारदर्शकता यांचे वैर आहे, असे मानायला जागा नाही. तरीही संरक्षणाच्या पैशावर मराठीत सलग लिहिलेले फार थोडे मिळते. युद्धकथा भरपूर आहेत, सेनापतींची चरित्रे आहेत, नकाशे आहेत. जमाखर्चाची बाजू मात्र कोरीच राहिली आहे, आणि ती भरण्याची ही सुरुवात.

पुस्तक वाचताना एक कागद जवळ असू द्यावा. दर फेब्रुवारीत अर्थसंकल्पासोबत संरक्षण सेवांच्या अंदाजपत्रकाचे पुस्तक प्रसिद्ध होते. ते कुणालाही फुकट पाहता येते. त्यात मुख्य लेखाशीर्ष २०७६ म्हणजे लष्कराचा महसुली खर्च. त्याखाली १०१ वर जवान व अधिकाऱ्यांचे वेतन व भत्ते, १०५ वर वाहतूक, ११० वर साहित्य, १११ वर बांधकाम. भांडवली खर्च ४०७६ वर. नव्या दलाची घोषणा ऐकलीत की त्या वर्षी आणि पुढच्या दोन वर्षी या ओळी किती वाढल्या ते पाहायचे: वेतनाची ओळ वाढली आणि साहित्याची व बांधकामाची जागच्या जागी राहिली, तर माणसे आली आहेत पण त्यांच्या हाती द्यायला आणि डोक्यावर धरायला काही आलेले नाही, असा त्याचा अर्थ. १७ व्या कोअरच्या वर्षांतले या ओळींचे वाचन पहिल्या प्रकरणात आहे. तिथूनच सुरुवात करावी.